शंभराव्या दिवसाचे जेवण

पंक्तीला बसलेल्या माणसाने डोळे मिटले तरी आपल्या ताटात कोठे काय वाढले गेले, हे त्याला सांगता यावे, अशी आपली रीत आहे. वर मीठ आणि लिंबाची फोड, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचे, उजवीकडे भाजी आणि आमटी, मध्ये भाताची मूद. आमचे पूर्वज होळकरशाहीत इंदुरास आले. तेव्हापासून आमच्या मराठीत हिंदी शिरली, न्याहारीत पोह्यांच्या शेजारी जिलबी येऊन बसली. परंतु ताटाची डावी-उजवी बाजू काही हलली नाही. सणावारी आजही पान चुकीचे मांडले गेले, तर आमच्या घरात त्याची दखल घेतली जाते.

अशा घरातून निघालेले आम्ही उभयता 2023 च्या नोव्हेंबरात जपानमधील उजी या गावी एका भोजनगृहाच्या खोलीत गवती चटयांवर बसलो होतो. समोर काळ्या रोगणाचे तबक होते आणि तबकात एकच वाटी. वाटीत करड्या रंगाचा, सुपारीच्या डबीएवढा एक चौकोन. त्यावर हिरव्या रंगाचा ठिपका. बाकी तबक रिकामे. आम्ही मध्य प्रदेश शासनाच्या नापतौल विभागात नोकरी करून निवृत्त झालो. तराजू आणि मापे तपासण्यात हयात गेली. त्या चौकोनाचे वजन आम्ही मनातल्या मनात चार तोळे ठरवले. मेट्रिक पद्धतीच्या प्रसारासाठी पगार घेतलेल्या माणसाने तोळ्यात मोजू नये. पण भूक लागली की जुनी मापेच आठवतात.

येथवर कसे आलो, ते थोडक्यात सांगावयास हवे. आमचा मुलगा ओसाकात नोकरी करतो. 2021 साली त्याने तेथील मुलीशी विवाह केला. तो काळ महामारीचा. परदेशी प्रवाशांसाठी जपानची दारे बंद होती, ती 2022 च्या ऑक्टोबरात पुरती उघडली. तेथे विवाह होतो तो नगर कार्यालयात एक अर्ज दाखल करून. अर्जावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, एवढेच. सरकारी माणूस म्हणून आम्हाला ती पद्धत सुटसुटीत वाटली. बाप म्हणून वाटली नाही. सौ.ने तर त्या दिवशी देवापुढे दिवा लावला आणि दार लोटून घेतले. पुढे पाच-सहा महिने दूरध्वनीवर मुलाशी तिचे बोलणे हवापाण्यापलीकडे गेले नाही. मग 2023 च्या ऑगस्टमध्ये नात झाली आणि पासपोर्ट कोठे ठेवले आहेत, याचा शोध सौ.नेच सुरू केला.

मूल शंभर दिवसांचे झाले की जपानात त्याला प्रथम अन्न दाखवण्याचा विधी करतात. त्याचे नाव ‘ओकुइझोमे’. आपल्याकडचे उष्टावणच म्हणा ना. फरक इतकाच की आपण ते सहाव्या-सातव्या महिन्यात करतो आणि बाळाच्या तोंडात खरोखर खीर जाते. तेथे शंभर दिवसांच्या बाळाला भरवल्यासारखे करायचे, भरवायचे नाही. बाळाला जन्मभर अन्नाची ददात पडू नये, ही त्यामागची भावना. पूर्वी हा विधी घरीच होई. आता पुष्कळ भोजनगृहे त्याची व्यवस्था करतात: स्वतंत्र खोली, बाळासाठी छोटी गादी, विधीचे छोटे ताट, मोठ्यांसाठी एकामागून एक येणारे पदार्थ आणि बरोबरच्या मुलांसाठी मुलांचे जेवण. उजीजवळ सूनबाईंचे माहेर. म्हणून ते भोजनगृह उजीचे.

व्याह्यांची आणि आमची समोरासमोर पहिली भेट या खोलीतच झाली. व्याहीही निवृत्त, नगर कार्यालयात त्यांची सारी नोकरी झाली. दोघांनीही लवून नमस्कार केला, आणि कोणी आधी सरळ व्हायचे ते न कळल्यामुळे जरा जास्तच वेळ लवलेले राहिलो. भिंतीतल्या कोनाड्यात एक अक्षरपट टांगला होता, त्याच्या पुढची मानाची जागा त्यांनी आम्हाला दिली. चटईखाली पाय सोडायला खड्डा केलेला असल्यामुळे आमचे गुडघे वाचले. सौ. मात्र विहीणबाईंसारखी टाचांवर बसली. ते तर आपले वज्रासन आणि तिला रोजची सवय.

सूनबाईंच्या भावाची दोन मुले, एक आठ वर्षांचा आणि एक पाचाचा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. जपानी भोजनगृह म्हणजे देवळासारखी शांतता, अशी आमची समजूत होती. धाकट्याने पहिल्या दहा मिनिटांत ती मोडून काढली. वाढणाऱ्या बाईने त्याला रंगाच्या पेटीसह चित्रांचे पुस्तक आणून दिले आणि पाठोपाठ त्यांचे ताट आणले: गोल भात, त्यावर कागदी निशाण, तळलेले कोळंबे, अंड्याची गुंडाळी, जेली. मुलांसाठी असे वेगळे ताट टोकियोच्या मित्सुकोशी या मोठ्या दुकानाच्या उपाहारगृहात 1930 साली सुरू झाले आणि मग देशभर पसरले, असे मुलाने सांगितले. निशाण न पाडता भात किती खाता येतो, याची दोघा भावांत पैज लागली होती.

नात मात्र झोपली होती. बाळ जागे झाले की विधी करू, तोवर जेवण सुरू करावे, असे ठरले. तिच्या विधीचे ताट आमच्या समोरच, एका बुटक्या चौरंगावर मांडून ठेवलेले होते. मुलीसाठी बाहेरून काळी आणि आतून लाल वाडगी असतात. मुलगा असता तर सगळी लाल असती. लाल घेवड्यासारखे आझुकीचे दाणे घालून शिजवलेला चिकट, तांबूस भात, पाणीदार सूप, शिजवलेल्या भाज्या, लोणचे, एका वाटीत लहानसा दगड. आणि ताटाच्या वर एक आख्खा मासा, तांबूस गुलाबी, डोक्याशेपटीसकट भाजलेला, शेपटी वर उचललेली. हा ‘ताई’ मासा. ‘मेदेताई’ म्हणजे मंगल. त्या शब्दात याचे नाव येते, म्हणून शुभकार्यात तो हवाच. गोव्याचे आमचे सारस्वत वाचक येथे हसतील आणि मासा कसा भाजला होता, ते विचारतील. आम्हाला ते सांगता येणार नाही. आमच्या घरात मासा आलेला नाही, आणि सौ.च्या माहेरी तर चातुर्मासात कांदा-लसूणही नसे.

मुलाने त्याचवेळी, जरा घाईने, एक गोष्ट सांगून टाकली. विधीत बाळाला भरवण्याचा मान घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीचा. मुलगा असेल तर पुरुषाचा, मुलगी असेल तर स्त्रीचा. हा मान सूनबाईंच्या आजीचा होता. शहाऐंशी वर्षांच्या त्या बाईंना आदल्या रात्री ताप भरला. आता खोलीत वयाने सर्वांत मोठी स्त्री म्हणजे आमची सौ.; विहीणबाई तिच्याहून पाच वर्षांनी लहान.

“आणि ते?” सौ.ने माशाकडे न पाहता विचारले.

“तेही, आई. पण नुसतं ओठांना लावल्यासारखं करायचं. ती खात नाही.”

सौ. काही बोलली नाही. तिने आमच्याकडे पाहिले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत आमच्या टेबलावर आलेल्या एकाही कागदावर आम्ही अभिप्रायाची जागा कोरी सोडली नव्हती. त्या क्षणी मात्र आम्ही वाटीतल्या करड्या चौकोनाकडे पाहू लागलो.

तो चौकोन तिळाचा निघाला. तीळ वाटून, त्यात कुझु नावाच्या वेलीच्या मुळांचे सत्त्व घालून, आपण तवकिराची वडी थापतो तसा घोटून थापलेला. दिसायला खरवस, चव तिळाच्या लाडवाची, पण गूळ काढून घेतलेला. वरचा हिरवा ठिपका जिभेवर ठेवताच नाकातून डोक्यापर्यंत झणझणीत कळ गेली. आम्ही डोळे पुसले. व्याही अदबीने दुसरीकडे पाहत राहिले.

मग आले ‘हस्सुन’. ऋतूतले पदार्थ थोडे थोडे मांडलेला चौकोनी पाट: भाजलेले गिंकोचे दाणे, गोड शिजवलेले चेस्टनट, लाल पानाच्या आकारात कापलेले गाजर. नावाचा अर्थ विचारला तेव्हा ‘आठ सुन’ असे उत्तर मिळाले. सुन हे लांबीचे जुने माप, तीन सेंटिमीटरांहून किंचित अधिक. पाटाची बाजू आठ सुन, म्हणजे सुमारे चोवीस सेंटिमीटर. आमचे कान टवकारले. पदार्थाचे नाव मापावरून! आम्ही मुलाला मध्ये घालून व्याह्यांना सवाल केला, की ही मापे व्यवहारात अजून चालतात काय. ते सरसावून बसले. 1959 पासून व्यापारात जुनी मापे कायद्याने बंद झाली, असे त्यांनी सांगितले. आमच्याकडे कायदा 1956 चा, आम्ही सांगितले. परंतु तांदूळ मोजायचे माप तेथे आजही एकशे ऐंशी मिलिलिटरचे असते, कारण जुना ‘गो’ तेवढा होता. भाताच्या कुकरबरोबर तेच माप मिळते. मग आम्ही त्यांना शेर, पायली, चिपटे, मापटे, निठवे, कोळवे अशी सगळी उतरंड ऐकवली. मुलगा भाषांतर करता करता दमला. दोन निवृत्त माणसे, एकमेकांची भाषा न येणारी, सरकारने बंद केलेल्या मापांवर पाऊण तास बोलू शकतात, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

त्या गडबडीत एक गोष्ट ध्यानी आली. इतरांपुढे कच्च्या माशाचे काप आले, तेव्हा आम्हा दोघांपुढे सोयाबीनच्या दुधावरची साय घड्या घालून आली. तिला ‘युबा’ म्हणतात. तीच साय व्याह्यांपुढेही होती. सूपही तसेच. मुलाला हळूच विचारले, ते शाकाहारी आहेत काय? तो म्हणाला, “छे, मासा त्यांना फार आवडतो. आज खात नाहीयेत.”

पुढचे मुलाने रात्री घरी सांगितले. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ नावाचे पाणी. ते बहुधा कोंबु या सागरी वनस्पतीपासून आणि कात्सुओ मासा वाळवून, धुरावून त्याचा जो कीस काढतात, त्यापासून होते. त्यामुळे भाजी दिसायला भाजी असली, तरी तिच्यात मासा उतरलेला असतो. आम्ही इंदुराहून मुलाला काय चालते आणि काय चालत नाही, याची क्रमांकवार यादी पाठवली होती. दाशी तिच्यात नव्हती, कारण आम्हाला ठाऊकच नव्हती. व्याही ती यादी घेऊन भोजनगृहात स्वतः दोनदा गेले आणि आमचे सगळे नुसत्या कोंबूच्या व वाळवलेल्या अळंब्यांच्या पाण्यात करावयाचे ठरवून आले. बौद्ध मठांत असा स्वयंपाक जुनाच आहे; त्यात कांदा-लसूणही वर्ज्य. कोंबूच्या चवीमागचा पदार्थ टोकियो विद्यापीठातील इकेदा किकुनाए यांनी 1908 साली वेगळा काढला आणि त्या चवीला ‘उमामी’ असे नाव दिले. आपल्या षड्रसांत ती कोठे बसवावी, याचा आम्ही विचार केला. बसली नाही.

सूपाच्या वाडग्याचे झाकण वाफेने घट्ट बसले होते. आम्ही जोर लावला, तरी ते निघेना. पाच वर्षांचा तो पोर उठून आला, त्याने वाडगा दोन्ही बाजूंनी किंचित दाबला, झाकण सुटले. तो निशाणाकडे परत गेला. आत निवळ पाणी, त्यात युबाची गाठ आणि युझु नावाच्या लिंबाच्या सालीची नखाएवढी चकती. वाडगा उचलून ओठांना लावायचा असतो. ताट-वाटी जमिनीवरून उचलू नये, या संस्कारात वाढलेल्या हाताला हे सर्वांत अवघड गेले, काड्यांहूनही.

नंतर मिसो लावून भाजलेले वांगे आले, पाठोपाठ शिजवलेल्या भाज्या. त्यातला एक पांढरा, वाकडा, कोळंब्यासारखा रेघारेघांचा तुकडा पाहून सौ. थबकली. काड्यांनी तोडून तोंडात घातल्यावर म्हणाली, “अहो, ही तर अळकुडी.” खरेच अळकुडी होती. आकार कोळंब्यासारखा म्हणून तिला ‘एबी-इमो’ म्हणतात. तासाभरात सौ.चे हे पहिले वाक्य. विहीणबाईंनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. त्यांना ‘ळ’ जमेना.

नात जागी झाली.

सूनबाईंनी तिला सौ.च्या मांडीवर दिले. विहीणबाईंनी विलो लाकडाच्या पांढऱ्या काड्या पुढे केल्या. दोन्ही टोकांना निमुळत्या, कारण एक टोक देवाचे आणि एक माणसाचे. क्रम असा: भात, सूप, भात, मासा, भात, सूप, आणि हे सर्व तीन वेळा. म्हणजे मासाही तीनदा. विहीणबाईंनी माशाची एक पाकळी आधीच सोडवून बाजूला ठेवली. मग त्या क्षणभर थांबल्या, मुलाशी काही बोलल्या. मुलाने सांगितले, “त्या म्हणतात, मासा त्या लावतील. तुम्ही बाकीचं करा. चालतं.”

सूनबाई आपल्या शिकलेल्या मराठीत म्हणाल्या, “आई, नको असेल तर नको.”

आम्ही अजूनही काही बोललो नव्हतो. खिडकीबाहेर मेपलचे झाड लाल झाले होते. त्याचे आम्ही बारकाईने निरीक्षण करीत होतो. हे येथे लिहावयास बरे वाटत नाही, पण लिहिले पाहिजे.

सौ. म्हणाली, “आजीचा मान आहे ना? मग आजीच करील.”

काड्या तिच्या हातात नीट बसत नव्हत्या. विहीणबाईंनी मागून तिच्या हातावर हात ठेवला. भात झाला, सूप झाले, पुन्हा भात झाला. मग काड्या माशाकडे गेल्या. पहिल्या खेपेस सौ.चा हात कापत होता आणि पाकळी खाली पडली. तिने ती पुन्हा उचलली. दुसऱ्या खेपेस विहीणबाईंनी हात काढून घेतला होता, सौ.च्या ते ध्यानातही आले नसावे. तिसऱ्या खेपेस नातीने जीभ बाहेर काढली आणि मासा चाटण्याचा जो प्रयत्न केला, त्याने सगळी खोली हसली. काड्यांची टोके दगडाला लावून बाळाच्या हिरड्यांना टेकवली. दात दगडासारखे घट्ट व्हावेत म्हणून. त्या बाजूला काही घरी दगडाऐवजी ऑक्टोपस वापरतात, असे नंतर कळले. आमच्या सुदैवाने दगड होता.

यानंतर भात. जपानी मेजवानीत भात सर्वांत शेवटी येतो, लोणचे आणि मिसोच्या कढणाबरोबर. आपल्या शेवटच्या ताकभातासारखा. चेस्टनट घालून केलेला तो भात वाढला गेला, तेव्हा आम्ही सौ.कडे चोरून पाहिले. मासा शिवलेल्या हाताने ती आज अन्न घेईल, असे आम्हाला वाटत नव्हते. तिने गरम ओला रुमाल घेतला, एकेक बोट पुसले, उठून बाहेर जाऊन हात धुऊन आली, आणि जेवू लागली. मग मुलाला म्हणाली, “भात आणखी मिळेल का, विचार.” मिळाला.

शेवटी पर्सिमनच्या फोडी आणि उजीच्या चहाची हिरवी, फेसाळ वाटी. पैसे देण्यासाठी आम्ही पाकीट काढले, तेव्हा ते आधीच दिले गेले होते. बक्षिसी ठेवण्याची तेथे पद्धत नाही. तीही वाढणाऱ्या बाईने दोन्ही हातांनी परत केली.

इंदुराहून नेलेली चांदीची वाटी आणि चमचा सौ.ने निघताना विहीणबाईंच्या हाती दिला. उष्टावणास आपण तेथे नसणार, हे तिला पहिल्यापासून माहीत होते. व्हिसा नव्वद दिवसांचा. हॉटेलातील त्या दिवसाबद्दल ती आमच्याशीही फार बोललेली नाही. हा लेख लिहायला घेतला, तेव्हा ‘माशाचे लिहू का?’ असे आम्ही विचारले. “लिहा. तुमचेही लिहा,” एवढेच उत्तर आले.

2024 च्या फेब्रुवारीत, सातवा महिना लागल्यावर, सूनबाईंच्या भावाने मामा म्हणून नातीला चांदीच्या चमच्याने तांदळाची खीर भरवली. आम्ही पडद्यावर पाहत होतो. त्याने तीन वेळा भरवली आणि दर वेळी मध्ये भात दाखवला. खीर जरा पातळ झाली होती, असे सौ.चे मत आहे. ते तिने विहीणबाईंना कळवलेले नाही.